लाट आणि दगड

समुद्रापासून वीसएक मैल आंत राहणाऱ्यांनीं लाटांविषयीं लिहावें, ही कित्येक वाचकांस नसती उठाठेव वाटेल. आमचें अंबाडी गांव भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. येथूनच एक फांटा वज्रेश्वरीकडे वळतो व पुढें वसईच्या दिशेनें समुद्राकडे जातो. भोंवतालीं भाताचीं खाचरें, पलीकडे तानसेचें पात्र आणि क्षितिजावर डोंगर. खाऱ्या वाऱ्याची झुळूकही येथवर पोंचत नाहीं. तरी या मुलखाचा व किनाऱ्याचा ऋणानुबंध जुना आहे. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली आणि बोललेला नवस फेडण्यासाठीं वज्रेश्वरीचें देऊळ उभें राहिलें, ही हकीकत येथील पोराबाळांसही ठाऊक असते. आज त्या ऋणानुबंधांत दगडाची भर पडली आहे.

भिवंडी तालुक्यांत दगडाच्या खाणी पुष्कळ. सुरुंगाचा बार झाला म्हणजे फडताळांतलीं भांडीं किणकिणतात आणि डंपरांची रांग रस्त्याला लागते. त्यांतला बहुतेक दगड खडी होऊन रस्त्यांत आणि इमारतींत जातो. परंतु किनाऱ्यावर बांध घालावयाचा झाला म्हणजे खडी उपयोगी पडत नाहीं. तेथें अखंड धोंडा लागतो, आणि तो अशाच कोणत्या तरी डोंगराच्या पोटांतून काढावा लागतो. हा धोंडा केवढा असावा? एका टनाचा, कीं पांच टनांचा? हें खाणवाला ठरवीत नाहीं, कंत्राटदारही ठरवीत नाहीं. तें लाट ठरविते. आणि तीही समुद्रांतली लाट नव्हे, तर इंजिनिअराच्या कागदावरची.

स्पेनचे इरिबारेन यांनीं १९३८ मध्यें व अमेरिकेचे हडसन यांनीं १९५९ मध्यें या प्रश्नाचीं जीं सूत्रें दिलीं, त्यांचें मर्म एका वाक्यांत सांगतां येतें. धोंड्याचें वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. लाट दुप्पट झाली तर धोंडा दुप्पट नव्हे, आठपट लागतो. कागदावरची लाट दहा टक्क्यांनीं वाढविली तर धोंडा तेहतीस टक्क्यांनीं वाढतो. वीस टक्क्यांनीं वाढविली तर त्र्याहत्तर टक्क्यांनीं. व्यवहारांत दहा-वीस टक्क्यांची चूक आपण चूकच मानीत नाहीं. येथें मात्र तेवढ्या फरकांत एका बाजूस बांध ढांसळतो, तर दुसऱ्या बाजूस नको इतका डोंगर फुटतो. अंदाज कमी पडला तर किनारा जातो, अंदाज फुगला तर डोंगर जातो. डोंगराच्या पायथ्याशीं राहून किनाऱ्यावर आप्त असलेल्या आमच्यासारख्यांस म्हणूनच हें गणित परकें वाटत नाहीं.

हा अंदाज करण्याच्या जुन्या आणि नव्या रीतींविषयीं आमच्या ओटीवर कित्येकदां वाद झडला आहे. आमचे एक स्नेही बंदरांच्या बांधकामांत उभा जन्म घालवून निवृत्त झाले आहेत. त्यांचा भाचा हल्लीं तेंच काम संगणकावर करितो. वज्रेश्वरीस जातां-येतां दोघेही आमच्याकडे टेकतात. चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वीं मामा म्हणतात, "अरे, तुम्हां मंडळींनीं पाण्यांत कधीं हात तरी घातला आहे काय?" भाचा हसून उत्तर देतो, "मामा, तुमच्या हौदांत हात घातला म्हणजे अरबी समुद्र कळला, असें थोडेंच आहे?" दोघांचेंही बोलणें खरें आहे, आणि म्हणूनच तें नीट उलगडून पाहण्यासारखें आहे.

लाटेचें गणित शंभर-दीडशें वर्षांहून जुनें. एअरी यांनीं १८४५ च्या सुमारास आणि स्टोक्स यांनीं १८४७ मध्यें एकसारख्या, नियमित लाटेचें स्वरूप सूत्रांत बांधलें. परंतु खऱ्या समुद्रांत एकसारख्या दोन लाटा लागोपाठ येत नाहींत. लहानमोठ्या, आडव्यातिरप्या, जवळच्या वाऱ्यानें उठलेल्या आणि दूरच्या वादळांतून चालत आलेल्या अशा सर्व प्रकारच्या लाटांची तेथें एकच गर्दी असते. या गर्दीला व्यवहारोपयोगी आंकडा प्रथम मिळाला तो दुसऱ्या महायुद्धांत. परकीय किनाऱ्यावर सैन्य कोणत्या दिवशीं उतरवितां येईल, या निकडीच्या प्रश्नांतून स्वेरड्रुप व मंक यांनीं आपली पद्धति बसविली. १९४४ च्या नॉर्मंडीच्या मोहिमेंत तिचा उपयोग झाला व १९४७ मध्यें ती प्रसिद्ध झाली. तिनें तीनच प्रश्न विचारले: वारा किती वेगाचा, तो किती वेळ वाहिला, आणि त्याला किती लांब मोकळें पाणी मिळालें? यांचें उत्तर मिळालें कीं कोष्टकांतून लाटेची उंची निघे. ही उंची म्हणजे सर्व लाटांची सरासरी नव्हे. सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटा घेऊन त्यांची काढलेली ती सरासरी होय. अनुभवी खलाशी नुसत्या डोळ्यांनीं जी उंची सांगतो, तिच्याशीं हा आंकडा बराच जुळतो. म्हणजे शास्त्रानें येथें तांडेलाच्या डोळ्यालाच प्रमाण मानून आपलें माप घडविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. ब्रेटश्नायडर यांनीं पुढें या पद्धतींत सुधारणा केली, आणि मामांच्या पिढीनें हीं कोष्टकें पेन्सिल हातांत धरून वर्षानुवर्षें वापरलीं.

कोष्टकांतून लाट मिळाली, तरी ती बंदरांत शिरल्यावर काय करील, हें कोष्टक सांगत नाहीं. त्यासाठीं हौद हवा. पुण्यानजीक खडकवासल्यास केंद्रीय जल आणि विद्युत् संशोधन संस्था आहे. १९१६ मध्यें मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यांतील एका लहानशा शाखेंतून तिचा उगम झाला. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या कुशींत, देशांतील बंदरांच्या प्रतिकृति मांडून त्यांच्यावर लाटा सोडण्यांत येतात, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास गंमतीची वाटते. परंतु तिच्यामागें फ्राउड यांचा साधा नियम आहे. लांबी शंभर पटींनीं लहान केली तर काळ दहा पटींनीं लहान होतो. तीन मीटरांची लाट तीन सेंटिमीटरांची होते, आणि दहा सेकंदांनीं येणारी लाट एका सेकंदानें येऊं लागते. पन्नासपट लहान केलेल्या प्रतिकृतींत दहा टनांचा धोंडा अवघ्या ऐशीं ग्रॅमचा, म्हणजे लहानशा लिंबाएवढा होतो. असे शेंकडों धोंडे रचून त्यांवर तासन्तास लाटा आदळवावयाच्या आणि कोणता धोंडा किती सरकला, हें मोजावयाचें. मामांचा या पद्धतीवर जो जीव आहे, तो आम्हांस समजतो. तेथें पाणी स्वतः उत्तर देतें. लाट फुटून धोंड्यांच्या फटींत शिरते, परततांना खालचा धोंडा ओढून नेते, आणि हें सर्व घडण्यापूर्वीं कोणाला तें समीकरणांत लिहावें लागत नाहीं.

पण पाणी उत्तर देतें तें आपण विचारलेल्या प्रश्नाचें. प्रारंभीच्या हौदांत लाटा एकसारख्या असत. यंत्राचा पंखा मागेंपुढें हाले आणि एकाच उंचीची लाट पुनःपुनः येई. खऱ्या समुद्रासारखी अनियमित लाट उठविणारीं यंत्रें नंतर आलीं. हौदाच्या भिंतीवरून लाट परतते. ती शोषून घेण्याची व्यवस्था करावी लागते. प्रतिकृति फार लहान केली तर पाण्याच्या पृष्ठताणासारख्या, समुद्रांत नगण्य असणाऱ्या शक्ति तेथें प्रबळ होतात. आणि सर्वांत मोठी उणीव पोर्तुगालांतील सिनेश बंदरानें दाखविली. तेथें खोल पाण्यांत घातलेल्या लाटरोधक बांधावर 'डोलॉस' नांवाचे बेचाळीस-बेचाळीस टनांचे काँक्रीटचे ठोकळे रचले होते. १९७८ च्या फेब्रुवारींतील वादळांत त्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश ठोकळे नाहींसे झाले. कारणें अनेक निघालीं; त्यांतलें एक येथें विशेष मनन करण्यासारखें आहे. प्रतिकृतींतील चिमुकला ठोकळा वजनानें प्रमाणशीर असतो, परंतु त्याची ताकद त्या प्रमाणांत कमी केलेली नसते. तो हौदांत सरकतो, लोळतो. पण मोडत नाहीं. समुद्रांतला खरा ठोकळा मात्र डोलतां डोलतां मोडला. हौद खोटें बोलला नव्हता. मोडण्याविषयीं त्याला कोणी विचारलेंच नव्हतें.

आतां भाच्याची बाजू. १९५७ मध्यें फिलिप्स आणि माइल्स यांनीं वारा लाटेला बळ कसें देतो याच्या दोन उपपत्ति मांडल्या. १९६२ मध्यें हॅसलमान यांनीं लाटा आपसांत शक्तीची देवघेव कशी करितात, तें दाखविलें. १९७३ मध्यें उत्तर समुद्रांतील, सिल्ट बेटापासून समुद्रांत दूरवर केलेल्या मोजमापांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या पायावर जीं गणिती प्रतिमानें उभीं राहिलीं, तीं एकेक लाट मोजीत नाहींत. लाटांच्या शक्तीचें वहीखातें ठेवितात. समुद्राचे चौकोन पाडावयाचे आणि प्रत्येक चौकोनांत कोणत्या दिशेची व किती कालांतराची लाट किती शक्ति घेऊन आहे, तें मांडावयाचें. वारा देतो ती जमा. लाट फेंसाळण्यांत आणि तळाशीं घासण्यांत जातो तो खर्च. लाटांच्या लाटांत होते ती देवघेव. पहिल्या पिढीच्या प्रतिमानांनीं ही देवघेव जवळजवळ सोडूनच दिली. दुसऱ्या पिढीनें तिचा शेवट कसा होणार तें आधींच गृहीत धरलें. तिसऱ्या पिढीनें, म्हणजे १९८८ मध्यें पुढें आलेल्या 'वॅम' आणि त्यानंतरच्या प्रतिमानांनीं, ती प्रत्यक्ष गणितानें करावयास घेतली. उथळ किनाऱ्यासाठीं नेदरलंड्समधील डेल्फ्ट येथें 'स्वान' नांवाचें प्रतिमान तयार झालें व १९९९ मध्यें त्याचा मूळ निबंध प्रसिद्ध झाला. याच हॅसलमान यांना पुढें २०२१ मध्यें हवामानविषयक कार्याबद्दल पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

या नव्या रीतीनें आमच्या किनाऱ्याला काय दिलें? एक उदाहरण पुरें आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २०११ मध्यें दाखवून दिलें कीं, हिवाळ्यांत अरबस्तानाकडे वायव्येचा जो 'शमाल' वारा सुटतो, त्यानें उठलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येतात. त्याचप्रमाणें दक्षिण महासागरांतील वादळांच्या लाटाही हजारों मैल चालून येथें पोंचत असतात. जुन्या कोष्टकाला विचारलें असतें तर तें म्हणालें असतें, "येथें वारा नाहीं, म्हणून लाट नाहीं." आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि तरी होडी डोलते आहे, हा अनुभव कोळ्यांस पिढ्यान्पिढ्या ठाऊक होता. त्या डोलण्याचा पत्ता नव्या प्रतिमानानें शोधून काढला. हैदराबादची 'इन्कॉइस' ही १९९९ मध्यें स्थापन झालेली संस्था अशाच प्रतिमानांच्या आधारें समुद्राच्या स्थितीचे अंदाज देते, आणि होडी समुद्रांत न्यावी कीं नाहीं हें ठरवितांना मासेमारी करणाऱ्यांस त्यांचा उपयोग होतो. हें श्रेय लहान नाहीं. खडकवासल्याच्या कोणत्याही हौदांत शमाल मावणार नाहीं.

'स्वान' या इंग्रजी नांवाचा अर्थ हंस. आपल्याकडे हंसाची ख्याति दूध व पाणी निवडण्याबद्दल आहे. हा हंस निवड करितो हें खरें. परंतु निवडतांना एक वस्तु टाकूनही देतो. लाटेची शक्ति तो ठेवितो, तिची वेळ टाकितो. कोणत्या क्षणीं माथा येईल आणि कोणत्या क्षणीं खळगा, हें त्याच्या वहींत लिहिलेलें नसतें. उघड्या समुद्रावर त्यानें बिघडत नाहीं. पण बांधाच्या टोकाला वळसा घालून लाट बंदरांत शिरते, धक्क्यावर आपटून परतते आणि येणाऱ्या लाटेंत मिसळते, तेव्हां वेळ हीच मुख्य गोष्ट होते. दोन माथे एकत्र आले तर नांगरलेलें जहाज आपटतें, माथा व खळगा एकत्र आले तर तें स्वस्थ राहतें. तेथें दुसरीं प्रतिमानें लागतात. बर्खॉफ यांचें १९७२ चें, पेरेग्रिन यांच्या १९६७ च्या समीकरणांवर वाढलेलीं, किंवा डेल्फ्टचेंच २०११ मधील 'स्वॉश'. त्यांतलीं शेवटचीं दोन प्रत्येक लाटेचा पाठलाग करितात. म्हणूनच त्यांना कांहीं थोड्या मैलांपलीकडचा समुद्र झेपत नाहीं.

शिवाय नवें प्रतिमान आपली लाट वाऱ्यावरून काढतें, आणि वारा त्याला दुसरें प्रतिमान पुरवितें. पूर्ण वाढलेल्या समुद्रांत लाटेची उंची साधारणपणें वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. म्हणजे वाऱ्याच्या वेगांत दहा टक्क्यांची वाढ झाली कीं लाटेंत एकवीस टक्के आणि धोंड्यांत सुमारें सत्याहत्तर टक्के. संगणकाच्या पडद्यावर मात्र या सर्वांचा एकच रंगीत नकाशा दिसतो, आणि त्यावर लाटेची उंची दशांश चिन्हापुढें दोन स्थानांपर्यंत दिलेली असते. कोष्टकांतील रेषा पेन्सिलीनें वाचणाऱ्याला आपली रेषा जाड आहे, हें दिसत असे. तो आपण होऊन थोडें जास्त धरी. पडद्यावरचा आंकडा इतका रेखीव असतो कीं, त्याच्या कांठाशीं शंका उभी राहूं शकत नाहीं. आमच्या मतें जुन्या आणि नव्या रीतींतला खरा भेद येथें आहे. जुनी रीत आपलें अज्ञान तोंडावर घेऊन वावरे. नव्या रीतीचें अज्ञान कमी आहे, पण तें पोटांत आहे. समुद्रांत तरंगणाऱ्या बोयांनीं मोजलेल्या लाटांशीं पडताळा घेतल्याखेरीज तें बाहेर येत नाहीं. आणि भूतकाळच्या नोंदींवरून शिकून लाट सांगणारीं जीं अगदीं नवीं यंत्रें आतां निघालीं आहेत, त्यांना तर हा पडताळा दुप्पट अगत्याचा आहे. कारण त्यांनीं न पाहिलेलें वादळ त्यांना कितपत ओळखूं येईल, याची खात्री कोण देणार?

तर मग मामा खरे कीं भाचा? आमचें उत्तर असें आहे कीं, ते एकाच वाटेवरचे निरनिराळे टप्पे आहेत. महासागरापासून किनाऱ्यानजीकपर्यंत लाट वहीखात्यानें आणावी. बंदराच्या तोंडाशीं ती वेळ जाणणाऱ्या प्रतिमानाच्या हवालीं करावी. आणि धोंडा सरकतो कीं टिकतो, हें शेवटीं हौदांतल्या पाण्याला विचारावें. एका टप्प्याचें काम दुसऱ्याकडून करून घेण्याचा मोह झाला कीं घात होतो. हें दोघांनाही मान्य आहे, आणि वाद बहुधा येथेंच मिटतो. परंतु आमचें समाधान येथें होत नाहीं. कारण सर्वांत मोठा निर्णय यांपैकीं कोणत्याच टप्प्यावर होत नाहीं.

अमेरिकेच्या किनारा-संरक्षणाच्या प्रसिद्ध हस्तपुस्तिकेची गोष्ट पाहा. तिच्या १९७७ च्या आवृत्तींत हडसन यांच्या सूत्रांत सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी घालावी, असें होतें. १९८४ च्या आवृत्तींत त्याऐवजीं सर्वांत मोठ्या एक दशांश लाटांची सरासरी घालावी, असें आलें. ही दुसरी उंची पहिलीच्या सुमारें सव्वापट असते. सव्वापटीचा घन केला म्हणजे धोंडा जवळजवळ दुप्पट झाला. समुद्र तोच, प्रतिमान तेंच, सूत्र तेंच. फक्त लाट कोणती म्हणावयाची, याचें उत्तर बदललें. तसेंच 'शंभर वर्षांतून एकदां येणारें वादळ' या शब्दांचें. ऐकणाऱ्यास वाटतें, आपल्या हयातींत तें कशाला येतें? पण दरसाल शेंकडा एक असा त्याचा संभव धरला तर पन्नास वर्षांत तें एकदां तरी येण्याचा संभव शेंकडा एकोणचाळीस निघतो. हा धोका पत्करावा कीं नाहीं, हें गणित सांगत नाहीं. तें कोणीतरी ठरवितें, आणि ठरविणारा बहुधा बांधाच्या मागें राहत नसतो.

आमच्या एका आप्तांचें घर वसईच्या बाजूस किनाऱ्यावर आहे. त्यांच्या अंगणापुढें धोंड्यांचा बंधारा घातला गेला. पहिल्याच पावसाळ्यानंतर त्यांतले धोंडे वाळूंत लोळत होते. तो दुरुस्त झाला, आणि पुनः तसेंच झालें. कोणत्या लाटेसाठीं हे धोंडे निवडले, एवढाच प्रश्न घेऊन मंडळी चार ठिकाणीं गेली. कोठेंही उत्तर मिळालें नाहीं. वास्तविक अशा उथळ किनाऱ्यावर फार गहन गणित लागत नाहीं. पाण्याच्या खोलीच्या सुमारें पाऊणपट उंच झाली कीं लाट फुटते; म्हणून बंधाऱ्यापाशीं लाट केवढी येणार, हें बरेंचसें तेथें पाणी किती खोल आहे यावर ठरतें. मुंबईस उधाणाच्या दिवशीं भरती साडेचार मीटरांच्या वर चढते. ओहोटीस जेथें चिखल उघडा पडतो, तेथेंच उधाणास लाट भिंतीला धडकते. आषाढ-श्रावणांतलें उधाण आणि त्याच वेळीं सुटलेला वारा, हा योग कोळीवाड्यांतील म्हातारी बाईही आधींच सांगते. समुद्राची पातळी जसजशी चढत जाईल, तसतशी हीच खोली वाढेल आणि भिंतीपर्यंत पोंचणारी लाटही वाढेल. येथें जुनें शहाणपण व नवें गणित एकच गोष्ट सांगतात. उणीव असते ती दोघांनाही विचारण्याची.

आतां याच किनाऱ्यावर, शेजारच्या पालघर जिल्ह्यांत, डहाणूजवळ वाढवण येथें मोठें बंदर उभारण्याचें ठरलें आहे. २०२४ च्या जूनमध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें त्याला मान्यता दिली आणि त्याच वर्षीं ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. योजनेंत समुद्रांत १,४४८ हेक्टर भराव व १०.१४ किलोमीटर लांबीचा लाटरोधक बांध आहे. तेथील मच्छीमारांनीं विरोध केला आहे तो मुख्यतः आपल्या मासेमारीच्या जागांसाठीं. त्या वादाचा निवाडा करण्यास हा निबंध पुरा पडणार नाहीं. पण एवढें सांगणें आमच्या विषयांत येतें कीं, इतका लांब बांध समुद्रांत उभा राहिला म्हणजे त्याच्या आड शांत पाणी होतें, आणि इतरत्र लाटांची दिशा व वाळूची वाट बदलूं शकते. बंदराला आंतल्या पाण्याची शांतता मोजावयाची असते. किनाऱ्यावरच्या गांवाला बाहेरच्या पाण्याची अशांतता. प्रतिमान दोन्ही मोजूं शकतें. कोणतें मोजावयास सांगितलें, हाच प्रश्न.

म्हणून आमची मागणी अशी आहे. किनाऱ्यावर कोणतेंही बांधकाम व्हावयाचें असेल तर त्याच्या लाटेचा अंदाज बांधामागें राहणाऱ्यांस त्यांच्या भाषेंत सांगण्यांत यावा. त्यांत चार गोष्टी असाव्या: कोणती लाट धरली, ती किती वर्षांच्या वादळाची, जवळच्या समुद्रांत प्रत्यक्ष मोजलेल्या लाटांशीं अंदाज किती जुळला व किती चुकला, आणि चूक निघाल्यास ती कोणाच्या दारांत येऊन पडेल. या चार ओळी लिहावयास नवें यंत्र लागत नाहीं, आणि त्या लिहिल्यानें कोणाची विद्वत्ता उणी होत नाहीं. उलट, कोळीवाड्यांतील तांडेल त्या वाचून म्हणूं शकेल कीं, "साहेब, या जागीं तुम्ही खोली चुकीची धरली आहे, दोन पावसाळ्यांपूर्वीं येथली वाळू गेली." नकाशावर नसलेली अशी माहिती फुकट मिळत असतांना ती न घेणें, हें कोणत्याच पिढीच्या शास्त्राला शोभणारें नाहीं.

समुद्राविषयींचें आपलें ज्ञान मामांच्या काळापेक्षां पुष्कळ वाढलें आहे, आणि तें आणखी वाढेल यांत आम्हांस शंका नाहीं. परंतु ज्ञान वाढलें म्हणजे जबाबदारी आपोआप वाटून जाते, असें नाहीं. धोंडा शेवटीं कोणाच्या तरी सांगण्यावरून डोंगरांतून सुटतो आणि कोणाच्या तरी दारापुढें रचला जातो. सांगणाऱ्याचें नांव आणि त्याची लाट, या दोन्ही गोष्टी त्या दारांत राहणाऱ्यांस ठाऊक असाव्या, एवढेंच आमचें म्हणणें आहे.